गोचीड एक, खाती दोन

मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी,
जिल्हा परिषद, बुलढाणा



पोळ्याच्या आसपासच्या दिवसांत शेगाव तालुक्यातल्या कुठल्याही गावात पहाटे एखाद्या कोठ्यात डोकावावे. (इतरत्र तो गोठा, वऱ्हाडात कोठाच.) धार काढायला बसलेली बाई आधी गाईच्या कासेवरून हात फिरवते. मागच्या सडाच्या बुडाशी बोटांना काहीतरी टणक लागते. एरंडीच्या बीएवढी, राखट रंगाची, रक्त पिऊन तटतटलेली गोचीड. बाई ती चिमटीत धरून ओढते, शेजारच्या दगडावर टाकते आणि दुसऱ्या दगडाने फोडते. काळपट रक्ताचा ठिपका उठतो. एक शिंतोडा बोटावर येतो, तो ती लुगड्याला पुसते आणि धार काढू लागते. कोठ्याला लागूनच घराची भिंत असते. भिंतीपलीकडे मुले झोपलेली असतात, उंबऱ्यात कुत्रे अंगाचे वेटोळे करून पडलेले असते, आणि त्याच्या कानाच्या पाळीत तांबूस गोचिडींचा झुपका असतो.

हे पत्र त्या दगडावरच्या ठिपक्याबद्दल आहे. गाईला ताप आला की तिची नोंद पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. भिंतीपलीकडच्या मुलाला ताप आला की त्याचा केसपेपर प्राथमिक आरोग्य केंद्रात निघतो. दोन्ही तापांच्या मुळाशी गोचीड असू शकते, पण ते दोन कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत. ते भेटावेत, एवढ्यासाठीच आपणा दोघांना मिळून हे एकच पत्र.

हा जिल्हा ठरवले तर किती झटपट हलतो, हे सगळ्यांनी पाहिले आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, पशुवैद्यक दारोदार फिरले, गाई-बैलांना लस टोचली गेली आणि ग्रामपंचायतींनी गोठ्यांत फवारण्या केल्या. जानेवारी २०२५ मध्ये याच शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत माणसांचे केस हातात येऊ लागले, तेव्हा पाण्याचे, रक्ताचे, केसांचे नमुने तपासायला गेले आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक गावात उतरले. टक्कल डोळ्यांना दिसते, लम्पीच्या गाठी दिसतात. गोचीड शेपटीखाली, कानात, मानेखालच्या पोळीच्या घडीत बसते. ती दरवर्षी येते, म्हणून तिची बातमी होत नाही.

गोचीड म्हणजे किडा असे आपण म्हणतो, पण तिची भावकी कोळी आणि विंचवाशी आहे. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात, अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहा. तिला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. गवताच्या पात्याच्या टोकावर चढायचे, पुढचे दोन पाय हवेत पसरायचे आणि वाट पाहायची, हा तिचा धंदा. त्या पुढच्या पायांवर एक बारीकसे इंद्रिय असते. जनावराचा श्वास, अंगाची ऊब आणि वास त्याने तिला कळतो. गाय जवळून गेली की केसांना लटकायचे, पातळ कातडीची जागा शोधायची आणि तोंड रुतवायचे. तिच्या लाळेत कातडी बधिर करणारी द्रव्ये असतात, रक्त गोठू न देणारी असतात आणि शरीराचा प्रतिकार थोपवणारीही असतात. म्हणून डास चावला की चटकन कळते, गोचीड मात्र दिवसचे दिवस चिकटून राहते आणि पत्ता लागत नाही. रोगाचे जंतू याच लाळेतून आत जातात.

मादी पोट भरले की गळून पडते आणि जातीनुसार दोन-तीन हजार किंवा त्याहून जास्त अंडी घालून मरते. गाई-म्हशींवरची एक जात पिल्लापासून मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. दुसरी, हायलोमा नावाची, लांब तंगड्यांची, पट्टेदार पायांची, प्रत्येक टप्प्याला खाली उतरते आणि मध्ये भिंतीच्या फटीत दडते. आपल्याकडच्या जुन्या दगड-मातीच्या कोठ्यांना तिच्या दृष्टीने तोड नाही. जनावराला कितीही औषध लावा, भिंतीतली गोचीड आठवड्याने पुन्हा त्याच गाईवर चढते आणि शेतकऱ्याला वाटते की औषधच खोटे निघाले.

लॅटिन भाषेत गोचिडीला 'रिसिनस' म्हणतात. एरंडाचे शास्त्रीय नाव त्यावरूनच पडले, कारण एरंडीची बी फुगलेल्या गोचिडीसारखी दिसते. वऱ्हाडातल्या बाईला सुचणारी उपमा रोमन लोकांनाही सुचली होती.

आधी गुरांचे पाहू. 'गोचीड ताप' हा शब्द गावात सर्रास आहे आणि तो नेमका आहे. हायलोमा गोचिडीतून थायलेरिया हा एकपेशीय परजीवी जनावरात शिरतो. ताप १०४ ते १०६ अंश फॅरनहाइटपर्यंत चढतो, खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजते, दूध आटते, डोळ्यांच्या कडा पांढऱ्या पडतात. गावरान गाय पुष्कळदा तगते. जर्सी किंवा होल्स्टीनच्या संकराची, कर्ज काढून आणलेली गाय आडवी होते. बुपार्वाक्वोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर ती वाचते, उशीर झाला तर नाही. दुसरा आजार बबेसियाचा. त्यात लघवी कॉफीच्या रंगाची होते आणि घरचे म्हणतात, गाय रगत मुतते.

या बबेसियाने एके काळी अमेरिकेतल्या पशुपालकांची झोप उडवली होती. टेक्सासकडून गुरांचे कळप उत्तरेला गेले की तिथली गुरे पटापट मरत, टेक्सासची मात्र ठणठणीत असत. थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेडरिक किलबोर्न यांनी कुरणांत वेगवेगळे वाडे घालून, एका वाड्यातल्या गाईंच्या अंगावरच्या गोचिडी हाताने वेचून काढून, अनेक उन्हाळे प्रयोग केले आणि १८९३ मध्ये दाखवून दिले की रोग गोचिडीतून जातो. तो तिच्या अंड्यांतून पुढच्या पिढीतही उतरतो, हेही त्यांनीच दाखवले. हिवतापाचा परजीवी डासात सापडला तो रोनाल्ड रॉस यांना, सिकंदराबादला, १८९७ मध्ये. म्हणजे डासाचा गुन्हा उघडा पडण्याच्या चार वर्षे आधी गोचिडीचा पडला होता. आज डासासाठी स्वतंत्र कार्यक्रम आहे, फवारणीचे वेळापत्रक आहे, घरोघरी फिरून पाण्याची भांडी तपासणारी माणसे आहेत. गोचिडीसाठी यातले काहीच नाही.

आता माणसांचे. यासाठी पुण्या-मुंबईचे दाखले शोधायची गरज नाही. शेगावहून रेल्वेने तासाभराच्या आत असलेल्या अकोल्यातल्या बालरोगतज्ज्ञांनी मध्य भारतातल्या मुलांमधल्या रिकेट्सिया तापाचा अभ्यास करून २०११ मध्ये 'इंडियन पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक गुणपद्धत मांडली. मोठी प्रयोगशाळा हाताशी नसताना डॉक्टरने काय विचारावे आणि काय पाहावे, याला त्यांनी गुण दिले. मूल खेड्यातले आहे का? घरात पाळीव प्राणी आहेत का? गोचीड चावली होती का, किंवा गोचिडींशी संबंध आला होता का? डोळे लाल आहेत का? पुरळ तळहातांवर आणि तळपायांवर आहे का? हे प्रश्न आपल्याच मातीत, आपल्याच मुलांना तपासताना सुचलेले आहेत.

गोचिडीतून येणाऱ्या या तापाला 'इंडियन टिक टायफस' म्हणतात. त्याचा जंतू रिकेट्सिया. तो मुख्यतः कुत्र्याच्या तांबूस गोचिडीत असतो. चावल्यावर साधारण आठवड्याने ताप येतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. पुरळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उठते आणि तोवर घरात गोंधळ झालेला असतो. "पोराले ताप हाय" म्हणून आई येते, रक्त तपासले जाते, टायफॉइडचे औषध सुरू होते. नावातल्या साम्यामुळे टायफस आणि टायफॉइड एकच वाटतात, पण टायफॉइडवर चालणारी नेहमीची इंजेक्शने रिकेट्सियावर चालत नाहीत. त्याला डॉक्सिसायक्लिन लागते. ही गोळी काही रुपयांची आहे. ती वेळेत मिळाली तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला सूज येते, यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांवर परिणाम होतो आणि मूल दगावू शकते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की संशय बळकट असेल तर तपासणीच्या निकालाची वाट न पाहता उपचार सुरू करावेत. लहान मुलांना हे औषध द्यावे की नाही, ही जुनी धास्ती थोड्या दिवसांच्या उपचाराला लागू नाही, हेही आरोग्य केंद्रातल्या प्रत्येक डॉक्टरपर्यंत पुन्हा एकदा पोहोचायला हवे.

इथे एक घोटाळा सोडवलेला बरा. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे ज्या 'स्क्रब टायफस'ने माणसे दगावली तो गोचिडीचा आजार नव्हे. तो झुडपांत राहणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लांनी होतो आणि चावल्या जागी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. दोघांचे औषध मात्र तेच, डॉक्सिसायक्लिन. म्हणून तापाच्या मुलाचे कपडे उतरवून काखेत, जांघेत, कानामागे, केसांत बघण्याची सवय दोन्ही आजारांना पुरते. दोन मिनिटांचे काम आहे. ओपीडीत शंभर माणसे रांगेत असताना ही दोन मिनिटे मिळत नाहीत, हे खरे. म्हणूनच कुणाचे कपडे उतरवायचे हे ठरवायला केसपेपरवर एका ओळीचा प्रश्न हवा: घरात जनावर किंवा कुत्रे आहे का, गोचीड चावली होती का?

दोन खाती एकत्र आली की काय होते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २०१६ च्या सुरुवातीला सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात माकडताप निघाला. त्याआधीच्या वर्षी तो गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाळी गावी आला होता. हा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला, म्हणून त्याचे नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी भोवतालच्या पाचोळ्यात उतरतात आणि काजूच्या बागेत काम करणारा माणूस त्यांच्या तावडीत सापडतो. त्यामुळे तिथे मेलेले माकड दिसणे हीच पहिली सूचना ठरली. वनखात्याने माकड पाहायचे, पशुसंवर्धनाने नमुना घ्यायचा, आरोग्याने आसपासच्या घरांत ताप शोधायचा, बागेत जाणाऱ्यांनी अंगाला तेल लावायचे. जनावराचा मृत्यू हा माणसाच्या आजाराचा निरोप असतो, हे कोकणातल्या गावांना मोठी किंमत मोजून कळले. वऱ्हाडात तो विषाणू नाही, शेगावच्या आसपास तशी दाट जंगलेही नाहीत. निरोप वाचायची ती रीत मात्र इथेही चालेल.

दुसरा दाखला गुजरातचा, आणि तो हायलोमा गोचिडीचा म्हणून आपल्याला जास्त जवळचा. जानेवारी २०११ मध्ये अहमदाबादजवळच्या कोलट गावातली एक स्त्री रक्तस्रावी तापाने दगावली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका हेही दगावले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने तो क्रिमियन-काँगो ताप असल्याचे शोधून काढले. भारतात माणसांमध्ये तो तेव्हा पहिल्यांदा सिद्ध झाला. संस्थेने पुढे देशभरातल्या जनावरांचे रक्त तपासले तेव्हा अनेक राज्यांत त्या विषाणूशी गाठ पडल्याच्या खुणा मिळाल्या. या आजारात गाय, शेळी, मेंढी आजारी दिसतच नाही. माणसाला तो गोचीड चावल्याने होतो, तसाच बाधित जनावराचे रक्त हाताला लागल्याने किंवा गोचीड हातात चिरडल्यानेही होतो. सप्टेंबर २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात यासाठी दक्षतेचा इशारा दिला गेला होता. बुलढाण्यात हा आजार आहे असे इथे कुणी म्हणत नाही. पण पहाटे दगडावर गोचीड फोडणारा हात दररोज काय धोका पत्करतो, हे त्या हाताला कुणीतरी सांगायला हवे.

सांगायचे काय, तेही सोपे आहे. गोचीड हाताने ओढू नये, फोडू नये, तिच्यावर रॉकेल ओतू नये, विडीचा चटका देऊ नये. चटक्याने ती उलट जास्त लाळ आत सोडू शकते. चिमट्याने कातडीला टेकून तोंडाजवळ धरावी, न पिळता सरळ वर ओढावी, झाकणाच्या डबीत साबणाच्या पाण्यात टाकावी, मग हात आणि चावलेली जागा धुवावी. चिमटा नसेल तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी.

औषधांबद्दल जास्त काळजीने बोलले पाहिजे. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ ही गोचिडींवरची औषधे बाजारात सहज मिळतात, आणि तीच तीच अंदाजाने, कमी-जास्त मात्रेत वापरल्याने देशात अनेक ठिकाणच्या गोचिडी त्यांना दाद देईनाशा झाल्या आहेत. मग हतबल शेतकरी कपाशीवरचे विष गाईवर मारायला निघतो. पंप तोच, हात तेच. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये फवारणीने किती घरे उघडी पडली, हे विदर्भ विसरलेला नाही. गाईच्या अंगावर मारलेले विष ती चाटते, ते दुधात उतरते आणि घरातले मूल तेच दूध पिते. कोणते औषध, किती पाण्यात, किती दिवसांनी पुन्हा, त्यानंतर दूध किती दिवस वापरायचे नाही, आणि जनावराबरोबर भिंतीच्या फटी त्याच दिवशी कशा लिंपायच्या, हे पशुवैद्यकाने कोठ्यात उभे राहून दाखवले तरच ते पोहोचते. गव्हाणीवर चिकटवलेल्या पत्रकाने ते होत नाही.

आता मुख्य विनंती. वऱ्हाडात वर्षातून एक संध्याकाळ अशी येते की जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक बैलाच्या अंगावरून माणसाचा हात फिरतो. पोळ्याची आदली संध्याकाळ, खांदशेकणी. बैल नाल्यावर नेऊन घासून धुतले जातात, वर्षभर जू वागवलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळून पळसाच्या पानांनी शेकले जाते आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे आवतण दिले जाते. मानेची पोळी, कानांची मुळे, शेपटीखालची जागा, मांड्यांमधली घडी, एकही जागा त्या हातांतून सुटत नाही. श्रावण अमावास्येचा तो काळ गोचिडींच्या ऐन भराचा असतो. कुठल्याही खात्याला कर्मचारी लावून इतकी बारीक तपासणी करता येणार नाही, ती लोक प्रेमापोटी आपणहून करतात. त्या संध्याकाळी गावोगाव पशुसखी आणि आशाताई दोघी मिळून नाल्यावर उभ्या राहाव्यात. पशुसखीने गोचिडी डबीत गोळा कराव्यात, आशाताईने त्याच घरी कुणाला ताप येऊन गेला का ते विचारावे. दुसऱ्या दिवशी पोळा, आणि त्यानंतर तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन गावभर फिरणाऱ्या मुलांचे तळहात-तळपाय पाहायला त्याहून बरा दिवस सापडणार नाही.

गोळा झालेल्या गोचिडींची जात ओळखायला लांब जायला नको. अकोल्याला पशुवैद्यकीय व पशुविज्ञान पदव्युत्तर संस्था आहे, तिथे परजीवीशास्त्राचा विभाग आहे. कोणत्या गावात हायलोमा जास्त, कुठे कुत्र्याची तांबूस गोचीड माणसांच्या घरात शिरली आहे, याचा तालुक्याचा साधा नकाशा झाला तरी पुढच्या वर्षी औषध आणि माणसे कुठे पाठवायची ते कळेल. त्या नकाशात शेगाव शहरही हवे. गजानन महाराजांच्या दर्शनाला रोज हजारो माणसे येतात आणि संस्थानाच्या आवारात कागदाचा कपटा दिसत नाही, इतकी तिथल्या सेवेकऱ्यांची शिस्त. शहराच्या बाकीच्या गल्ल्यांत मोकाट कुत्री आहेत, त्यांच्या कानांत गोचिडी आहेत, आणि रात्री ओट्यांवर भाविक झोपतात. निर्बीजीकरणासाठी कुत्रे पकडले जाते तेव्हाच त्याला गोचिडीचे औषध देता येईल, त्यासाठी वेगळी मोहीम लागणार नाही.

डबीसाठी एक बारकावा. गोचीड स्पिरिटमध्ये ठेवतात आणि स्पिरिट सांडले की पेनची शाई विरघळते, अक्षरे पुसली जातात. म्हणून चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून डबीच्या आत टाकावी. गावाचे नाव, तारीख, कोणते जनावर, अंगावरची कोणती जागा. आणि त्याखाली, त्याच चिठ्ठीवर, त्याच पेन्सिलीने: या घरात गेल्या पंधरा दिवसांत कुणाला ताप आला होता का, असल्यास वय किती, अंगावर पुरळ होते का.

कळावे,
शेगाव